नेपाळला लागणारा कागद

४ जानेवारी

मारुंजीच्या फरशीवाल्याने ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाला त्याच्या दुकानाचा नंबर. मला लिहायची सवय नाही. दहावीनंतर आयटीआयला दोनदा गेलो, दोनदा सोडलं. आता पेन हातात येतं ते आमच्या खोल्यांच्या भाडेपावत्या फाडायला तेवढंच. पण माझं ठरलेलं आठ दिवसांत विरघळतं, म्हणून लिहून ठेवतोय. लिहिलेलं असलं की निदान लाज वाटेल.

ठरलंय ते असं : यंदा परदेश. चार-पाच दिवस का होईना, स्वस्तात, विमान न करता.

झालं काय, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू क्षितिजा मॅडम (मूळच्या अमरावतीच्या, फेज टूच्या आयटी कंपनीत कामाला) व्हिएतनामला जाऊन आल्या. मी पाण्याची मोटर चालू करायला गेलो तर म्हणाल्या, "पियूष, तू एवढा भटकतोस, इंडियाच्या बाहेर कुठे गेलायस?" मी म्हणालो, "गोव्याला." त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या.

विमान नाही कारण पासपोर्ट नाही. दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. चौकशीला पोलीस माणला घरी आले तेव्हा मी ताम्हिणी घाटाखाली पर्यटकांना तंबू देणाऱ्यांकडं कामाला होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांना म्हणाले, "त्यो कुटं असतोय ते आमालाच म्हाईत न्हाई." साहेबांनी तेच लिहून नेलं.

७ जानेवारी

मोबाईलवर शोधाशोध. पाच तास गेले, त्यातले तीन एक माणूस रिक्षा घेऊन लंडनला निघालाय त्याचे व्हिडिओ बघण्यात. तो तुर्कस्तानात पोचलाय. मी अजून माणमध्ये.

श्रीलंकेला बोट जाते, पण पासपोर्ट लागतो. भूतानला मतदान कार्ड चालतं, पण एका रात्रीमागं बाराशे रुपये नुसती फी, मग खायचं काय. नेपाळ बरं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली, आणि मग फाटकातून चालत परदेश. आधार चालत नाही म्हणे, मतदान कार्ड पाहिजे. आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ. आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. अर्धा तास नाही, तास नाही, पंधरा मिनिटं. मला हे फार आवडलं. संध्याकाळभर सगळ्यांना सांगत सुटलो, कुणाला काही वाटलं नाही.

११ जानेवारी

भऱ्याला आत्याकडं गेलो. गोजराबाई, आप्पांची थोरली बहीण. वय एकसष्ट. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, दिराच्या घरात मागच्या खोलीत राहते. पिरंगुटच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. मी शाळेतून पळायचो तो तिच्याकडं. आई गेल्यावर तीन वर्षं तर तिच्याकडंच होतो.

तिला नेपाळचं सांगितलं. तिच्याबरोबर भाज्या चिरायला वॉचमनची बायको असते, ती पोखऱ्याकडची. तिनं आत्याला सगळं आधीच सांगून ठेवलंय : मोठ्ठं तळं, त्याच्यावर होड्या, आणि मागं माशाच्या शेपटीसारखा बर्फाचा डोंगर.

"म्हंजी आपल्या धरणागत?"

"तसंच, पण मागं बर्फ."

"मग मला ने की."

मला वाटलं चेष्टा करतेय. "तू येशील?"

"का? माझ्या पायाला काय झालंय? इमानात मातुर न्हाई बसायची. खाली जमीन दिसली पायजेल."

"तीन-तीन दिवस जातील प्रवासात."

"मग? तुला कुटं हापीस हाय?"

तिथंच ठरलं. सुट्टीचं सुपरवायझरशी बोलते म्हणाली. बावीस वर्षांत तिनं अंत्यविधी सोडून सुट्टी घेतलेली नाही.

निघताना तिनं जागेचा विषय काढला. तो इथं लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आमची माणला रस्त्याकडेची बावीस गुंठं तेवढी राहिलीयेत. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली : आप्पा, त्यांचे भाऊ नरहरीतात्या आणि आत्या. बिल्डरला सगळी एकत्र पाहिजे. आत्याच्या सहीशिवाय अडलंय. ती सगळा वाटा मागतच नाही. म्हणते, विहिरीच्या अंगाची दोन गुंठं मला ठेवा, एक खोली बांधीन, हातपाय थकले की तिथं येऊन पडीन, दिराच्या दारात मरायचं नाही. आप्पा म्हणतात, "आमी मेलोय का? तिला काय करायचीय जागा?" आत्या म्हणते, "मेला न्हाईत म्हणूनच आत्ता मागते." वर्ष झालं, बहीण-भावांचं बोलणं नाही.

मला त्या भानगडीत पडायचं नाही. दोन्हीकडं जेवतो मी.

१४ जानेवारी

घरी सांगितलं. वाटलं होतं आप्पा ताट भिरकावतील. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. नरहरीतात्या तिळगूळ द्यायला आले होते, त्यांनी विचारलं, "गोजराक्का येते म्हणाली? तुझ्यासंगं?"

"हो."

"किती खर्च?"

मी आकडा सांगितला. दोघांचा मिळून वीस हजाराच्या आत बसतो, त्याचा मला अभिमान आहे. तात्या म्हणाले, "आमी देतो. तिनं काय भोगलं न्हाई आयुष्यात. ने तिला."

आप्पांनी ताटावरून उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात शेवटचा कधी ठेवला होता आठवत नाही. माणसं मनानं वाईट नसतात, एवढंच म्हणतो.

मग मी उगाच बडबड केली. म्हणालो, व्हिडिओत एकजण सांगत होता की सोनौलीच्या फाटकावर बाईमाणूस सोबत असलं तर नातं विचारतात, कारण तिकडं बायका पळवतात.

"आन नातं कशावरनं दावायचं?" तात्या.

"ते काय सांगितलं नाही. आडनावं तर वेगवेगळी आमची."

"मग तेच की," तात्या म्हणाले आणि तिळगुळाचा डबा बंद केला.

१८ जानेवारी

तात्या वकिलाला भेटून आले. नात्याचा कागद करावा लागतो म्हणे. बाई विधवा, सोबत भाचा, आडनाव वेगळं, तर तिचं माहेर कुठलं, भाऊ कोण, भाचा कोण, हे सगळं लिहून, पौडला कचेरीत फोटो-अंगठा देऊन. "मिलिटरी असती तितं. उगा म्हातारीला बसवून घेतलं तर?"

मला हे सुचलं नसतं. आत्याचं आधार, पॅन, दोन फोटो आणायचं काम माझ्याकडं. आज जाऊन आणलं. आत्यानं विचारलं, "कागद कशाला?" मी म्हणालो, "नातं दाखवायला." ती म्हणाली, "नात्याला कागद लागतोय व्हय आता?" आणि पिशवीतून काढून दिलं सगळं. मोजलंसुद्धा नाही.

२७ जानेवारी

रेल्वेचं रिझर्वेशन करायला पुणे स्टेशनला निघालो आणि जुन्या बाजारात थांबलो. तिथं एक दुर्बीण मिळाली. एका डोळ्यानं दिसत नाही, पण दुसऱ्यानं फार लांबचं दिसतं. स्टेशनला पोचलो तेव्हा खिडकी बंद. शेवटी क्षितिजा मॅडमनी मोबाईलवरून काढून दिलं. १७ फेब्रुवारी, स्लीपर, दोन्ही जागा खालच्या मिळाल्या नाहीत, एक खालची एक मधली. त्या म्हणाल्या, "आत्याला नेतोयस? किती गोड." मी नात्याच्या कागदाचं सांगितलं तर म्हणाल्या, "असं काही लागत नाही रे. माझी मैत्रीण गेली होती, नुसतं व्होटर कार्ड बघतात."

मी म्हणालो, तुमची मैत्रीण विधवा नसेल.

हे तात्यांना विचारायचं होतं. मग दुर्बीण दुरुस्त करायला घेतली आणि राहिलं.

३ फेब्रुवारी

पौडला कागद झाला. आत्याला भऱ्याहून मी गाडीवर आणलं. आप्पा आणि तात्या आधीच पोचले होते. वर्षभरानं भाऊबहीण समोरासमोर. आप्पांनी तिला वडापाव आणून दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला.

बाकावर बसल्यावर तात्यांनी कागदाचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "वाच. घाई न्हाई." दहा-बारा पानं, बारीक अक्षर, दर पानावर नंबर. तेवढ्यात बाहेर चहाच्या टपरीवर एक गाडी थांबली. मागं दोन पेट्या, वर ताडपत्री, टाकीवर नकाशा चिकटवलेला. साताऱ्याचा माणूस. काही काम होतं त्याचं कचेरीत, पण तो गेल्या वर्षी गाडीवर मुक्तिनाथला जाऊन आलाय! मुक्तिनाथ म्हणजे पोखऱ्याच्या पुढं. मी त्याच्याजवळ किती वेळ उभा होतो माहीत नाही. त्यानं माझ्या मोबाईलवर सगळे मुक्काम पाठवले, कुठं रस्ता खराब, कुठं दाल-भात चांगला.

मला हाक आली. ओळख पटवायला दोन माणसं लागतात, एक मी. फोटो काढला, अंगठा दिला. मग आत्याला बोलावलं. जाता जाता तिनं विचारलं, "पियूष, वाचलंस का रं समदं?"

"व्हय, वाचलंय."

"काय हाय?"

"तेच. तू माझी आत्या, मी तुझा भाचा."

ती हसली, आत गेली. मी दारात उभा राहून मुक्काम बघत होतो. आतल्या साहेबांनी तिला काहीतरी वाचून दाखवलं, काहीतरी विचारलं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. घाबरली असेल, कॅमेऱ्यापुढं बसायची सवय नाही. मी अंगठा वर करून दाखवला. मग ती साहेबांना म्हणाली, "व्हय."

 पिरंगुटच्या रस्त्याला ती नेहमी खड्ड्या-खड्ड्याला शिव्या घालते, आज येताना गाडीवर एक शिवी नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "तू समदं वाचलं व्हतंस ना?"

"अगं हो."

"बरं," म्हणाली. "तुझी मर्जी आसंल तर बरं."

मला वाटतं वडापाव बाधला.

(पहिल्या पानावर वरती मोठ्या अक्षरात काहीतरी होतं. नजर गेली असेल माझी. नजर जाणं म्हणजे वाचणं नाही.)

८ फेब्रुवारी

भऱ्याला गेलो, तर आत्यानं तिकिटाचे पैसे हातावर ठेवले. तिचे तिचे. म्हणालो, तात्या देतायत. म्हणाली, "त्यांचं त्यांना दे. माझ्या तिकिटाचं मी देते."

"मग जायचं नक्की ना?"

"आता तर जायलाच पायजेल. लई महाग पडली ही सहल."

मी तिला पुन्हा हिशोब समजावला. यापेक्षा स्वस्तात कुणी परदेशात जाऊन दाखवावं. ती चपातीचं पीठ मळत होती, मान हलवत होती.

नेहमी मला पहिली चपाती तव्यावरून थेट हातात देते. आज ताट वाढलं, पाणी ठेवलं, "जेवा" म्हणाली. जेवा! मी हसलो. ती नाही हसली.

१६ फेब्रुवारी

उद्या निघायचं. आप्पांनी आत्यासाठी साडी आणली होती, हिरवी, काठ मोठा. आमच्याकडं बहिणीनं जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं की भाऊ साडीचोळी करतात, तसली भारी. माझ्याकडून पाठवली. आत्यानं पिशवी उघडून बघितली, घडी न मोडता परत दिली. "सहल दिली की. दोन-दोन कशाला."

घरी येऊन सांगितलं, तर तात्या आप्पांना म्हणाले, "बघ. साडीचोळीचं सहलीवरच भागलं." आप्पा त्यांच्यावर खेकसले, "गप की." मी विचारलं, काय? तात्या म्हणाले, "काय न्हाई, तू जा, एन्जॉय कर."

काहीतरी आहे. मला कळतंय की काहीतरी आहे. आल्यावर बघू.

१९ फेब्रुवारी, सोनौली

दीड दिवस रेल्वे. इटारसीला गाडी तीन तास उभी. आत्या खिडकीशी बसून सगळी शेतं बघत होती. उत्तर प्रदेशात मोहरी पिवळी झालेली. "केवढाली रानं," म्हणाली, "हितं बिल्डर पोचला न्हाई वाटतं." डब्यातल्या एका भय्याच्या बायकोला हिनं मराठीत आणि तिनं हिला भोजपुरीत जन्माच्या गोष्टी सांगितल्या. माझ्याशी कामापुरतं.

गोरखपूरहून बस. चार वाजता फाटकाशी. मी कागद वर काढून ठेवले होते, मतदान कार्डं, आणि नात्याच्या कागदाची झेरॉक्स काही तात्यांनी दिली नव्हती, म्हणाले मूळ प्रत यायची आहे, नुसती पावती ठेव. ती पावती. 

कुणी काही विचारलं नाही.

एका जवानानं बॅगेला हात लावला, दुसऱ्यानं हातानं पुढं जा म्हणून खूण केली. रिक्षा, सायकली, कांद्याची पोती, शाळेतली पोरं, सगळे जात होते. आम्ही पण गेलो. दहा पावलं आणि परदेश.

आत्या फाटकाच्या पलीकडं थांबली. मागं वळून बघितलं. "झालं?"

"झालं."

"कागद?"

"कुणी मागितलाच नाही. नशीब आपलं."

"व्हय," ती म्हणाली. "नशीब."

मी मोबाईलचं घड्याळ दाखवलं, बघ, पंधरा मिनिटं पुढं. ती म्हणाली, "फुडं गेलेलं परत मिळतंय का, एवढं सांग."

मी म्हणालो, हो की, परत जाताना मिळतात.

२१ फेब्रुवारी, पोखरा

नऊ तास बस, आत्याला दोनदा उलटी. पण सकाळी खोलीच्या गच्चीवर गेलो आणि डोंगर होता. खरंच शेपटी. उन्हानं आधी टोक लाल, मग पिवळं, मग पांढरंफटक. मी दुर्बीण दिली. तिनं चांगल्या डोळ्यानं बघितलं, परत दिली. "नुसत्या डोळ्यानं बरा दिसतोय."

मग तळ्यावर गेलो. होडीत बसली. पाण्यात हात घातला. "आपल्या धरणापरीस गार हाय." एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा नाचेल, काहीतरी करेल. वॉचमनच्या बायकोसाठी तळ्याकाठचा एक दगड घेतला, रुमालात बांधला.

मी विचारलं, आवडलं ना? म्हणाली, "चांगलं हाय. तू आणलंस." मला बरं वाटलं. आता लिहिताना तेवढं बरं वाटत नाही. ती "चांगलं आणलंस" म्हणाली नाही.

२२ फेब्रुवारी, पोखरा

हे सगळं नीट लिहायचं. गाळायचं नाही.

सकाळी नाश्त्याला बसलो होतो. तात्यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. माणची जागा. चौफेर निळे पत्रे ठोकलेत, मधे बिल्डरचा बोर्ड, आप्पा नारळ फोडतायत. एका फोटोत विहीर होती तिथं मुरमाचा ढीग.

मी म्हणालो, "आत्या, तुझी दोन गुंठं पण पत्र्याच्या आत घेतलीयेत यांनी. चुकून घेतली बहुतेक."

तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला. "हीर बुजवली व्हय रं? बाबांनी दोन उन्हाळं खणली व्हती."

"तुझ्या सहीशिवाय कसं..." आणि मग मला ते पहिल्या पानावरचं मोठं अक्षर दिसलं : हक्कसोडपत्र. इतके दिवस ते तिथंच होतं.

"तुला माहीत होतं?"

"सायबानं वाचून दावलं की. चांगला माणूस. म्हणाला, बाई, भावांच्या नावानं तुमी समदा हक्क सोडताय, राजीखुशीनं सोडताय का?"

"मग नाही का म्हणाली नाहीस?"

"मी मागं बघितलं." तिनं चहा बशीत ओतला. "तू दारात व्हतास. वाचलंय म्हणाला व्हतास. अंगठा दावलास. मला वाटलं, पोरानं समदं वाचलंय, पोराचीबी मर्जी हाय. भाऊ काय, भाऊ सोडतातच. पन तुझी मर्जी हाय म्हटल्यावर मला खोली कुणासाठी बांधायची व्हती? मी गेल्यावर तुलाच व्हती ती."

आजूबाजूला गोरे लोक अंडी खात होते. कुणी गाणं लावलं होतं.

मी गप्प बसू शकलो असतो. अजून वाटतं, बसायला पाहिजे होतं. पण तिच्या तोंडाकडं बघवेना, म्हणालो, "आत्या, मी वाचलंच नव्हतं. एक ओळ नाही. बाहेर एक गाडीवाला होता, त्याच्याशी बोलत होतो. नातं दाखवायचा कागद आहे असं मला सांगितलं होतं, मला तेच वाटलं."

 बशी तशीच तिच्या हातात.

"वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"तुझी मर्जी नव्हती?"

"मला माहीतच नव्हतं गं."

तिनं बशी खाली ठेवली.

"मग उगाच दिलं की," म्हणाली.

२३ फेब्रुवारी

डोंगर दिसला नाही. ढग. ती खोलीतून बाहेर आली नाही. मी तळ्याला दोन फेऱ्या मारल्या.

२७ फेब्रुवारी

घरी. आत्याला पुणे स्टेशनवरून भऱ्याला सोडायला गाडी करतो म्हणालो, ती पीएमटीच्या बसमध्ये चढली.

आप्पांना विचारलं.  ते पलंगावर बसून नखं कापत होते.

"नरहरीनं तुझ्या मांडीवर कागद ठेवला व्हता का न्हाई?"

"ठेवला होता."

"वाच म्हणाला व्हता का न्हाई?"

"म्हणाले होते."

"मग? आमी काय लपवलं?" नेलकटर मिटलं त्यांनी. "दोन फ्लॅट तुझ्या नावानं हायेत त्यात. कुणासाठी केलं? तुला धंदा न्हाई, शिक्षण न्हाई, उद्या पोरगी कोण देणार? गोजराक्काला काय आमी उपाशी ठेवणार हाय?"

"तिनं दोन गुंठं मागितली होती."

"तिनं व्हय म्हटलं. सायबापुढं." मग भिंतीकडं बघत म्हणाले, "मलाबी झोप न्हाई लागत. ते तुला काय सांगू."

तात्यांच्या कपाटातून कागदाची प्रत आणली. मागितली तर त्यांनी सरळ काढून दिली. "घे. आता वाच."

५ मार्च

भऱ्याला गेलो. आत्या दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. म्हणालो, केस करू, वकील बघतो, फसवून सही घेतली म्हणू.

"कुणावर केस? सही माझी, अंगठा तुझा." तिनं उंबऱ्याकडं बोट केलं. "बस. आणलायस न्हवं? वाच आता. समदं वाच. बसला अर्धा तास हाय."

वाचला. आयुष्यात इतकं सलग कधी वाचलं नव्हतं. अडखळलो की ती थांबायची, मग म्हणायची, हां, फुडं.

"लिहून देणार, गोजराबाई, वय एकसष्ट, धंदा घरकाम..."

"घरकाम? तीनशे चपात्या लाटते मी रोज."

चतुःसीमा आल्या. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस भिकू कोणाची तरी जमीन. "भिकूमामा," ती म्हणाली. "त्यानंबी इकली. तो आता तितंच वॉचमन हाय."

"...सदर हक्क मी माझ्या भावांच्या लाभात, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडून देत आहे."

"मोबदला न घेता?"

"असं लिहिलंय."

"म्हंजी नेपाळबी त्यात न्हाई?"

"नाही."

"मग नेपाळ कुणी दिलं मला?"

मी पान उलटलं. फुडं, ती म्हणाली. शेवटच्या पानावर फोटो होते. तिचा, भावांचा, साक्षीदारांचा. माझा. फोटोत मी कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, बाहेर बघतोय. त्याच्याजवळ दोन ओळी होत्या. तिथं थांबलो.

"थांबलास का? वाच की."

"खालील इसम असे निवेदन करतात की, ते दस्तऐवज करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात."

"कोण इसम?"

"मी."

तिनं डब्याची पिशवी उचलली. "एवढं तरी वाचायचं व्हतंस," म्हणाली. रागानं नाही. डाळीत मीठ राहिलं तर म्हणतात तसं.

रस्त्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मी उंबऱ्यावरून उठलो, बाजूला झालो. तिनं दार ओढलं, कुलूप लावलं. किल्ली ती चौकटीवर ठेवते, मी कधीही येऊन पडेन म्हणून, वीस वर्षं ठेवत आलीय. आज तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि बसकडं चालायला लागली.